आवाजाला आकड्यांचा हुकूम

गोष्ट एका शाळेच्या स्नेहसंमेलनातली आहे. सभागृह गच्च भरले होते. रंगमंचावर सहावीतली एक मुलगी कविता म्हणायला उभी राहिली. तिचा आवाज मुळातच बारीक. म्हणून दुपारी रंगीत तालमीच्या वेळी तिच्यासाठी माइकची जुळणी मुद्दाम वाढवून ठेवली होती, आणि तेव्हा शेवटच्या रांगेपर्यंत शब्दन् शब्द पोचला होता. संध्याकाळी मात्र तिचे ओठ नुसते हलताना दिसले. सभागृहाच्या मागच्या टोकाला, टेबलावरच्या छोट्या नियंत्रण-पेटीपाशी मी बसलो होतो. पेटीवर मी '४' क्रमांक दाबला होता. चार क्रमांकाची जुळणी तिचीच होती. पुन्हा दाबला. काही फरक नाही. तार शाबूत होती, वीज चालू होती, एकही यंत्र बिघडलेले नव्हते. तरी त्या मुलीची कविता पहिल्या दोन रांगांपलीकडे कोणाला ऐकू गेली नाही.

मग चुकले काय? ते समजून घ्यायचे तर मागच्या टेबलावरून रंगमंचाजवळच्या यंत्राला हुकूम जातो कसा, हे आधी पाहिले पाहिजे. चला तर, माइकपासूनच सुरुवात करू.

माइक आणि त्याचा पहिला मदतनीस

माइक आवाजाचे रूपांतर विजेत करतो. पण ही वीज फार दुबळी असते. बोलणाऱ्याच्या तोंडाजवळ धरलेल्या साध्या माइकमधून जेमतेम एक-दोन मिलिव्होल्ट दाब मिळतो. पुढच्या यंत्रांना मात्र सुमारे एक व्होल्ट दाब हवा असतो. म्हणजे २ मिलिव्होल्टांचे १००० मिलिव्होल्ट करायचे, दाब ५०० पट वाढवायचा. हे काम करणाऱ्या यंत्राला प्रीअँप्लिफायर म्हणतात. मुख्य अँप्लिफायरच्या आधी येणारा, म्हणून मराठीत 'पूर्वप्रवर्धक'.

किती पट वाढ केली हे सांगायला ध्वनितज्ज्ञ डेसिबेल हे माप वापरतात. विद्युत्‌दाबासाठी त्याचे दोन सोपे नियम पाठ करा. दाब दहापट झाला की २० डेसिबेल वाढ. दाब दुप्पट झाला की सुमारे ६ डेसिबेल वाढ. गुणाकाराच्या जागी येथे बेरीज करायची, आणि भागाकाराच्या जागी वजाबाकी. ५०० पट म्हणजे १००० भागिले २. म्हणून ६० वजा ६, म्हणजे ५४ डेसिबेल.

आता हा पूर्वप्रवर्धक ठेवायचा कोठे? माइकजवळ की मागच्या टेबलावर? एक हिशेब करू. भिंतीतून आणि जमिनीवरून विजेच्या तारा गेलेल्या असतात. त्यांतील विजेची दिशा सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होत असते. माइकची लांब तार त्यांच्याजवळून गेली, की तिच्यातही या विजेचा थोडा अंश उतरतो आणि कर्ण्यातून 'घूं' असा आवाज येऊ लागतो. चांगली तार वापरल्यास तो पुष्कळ कमी होतो, पण अजिबात नाहीसा होत नाही. समजा, वाटेत ०.०२ मिलिव्होल्ट एवढी घुंघुं शिरली. तारेतून माइकचे २ मिलिव्होल्ट जात असतील, तर ही भेसळ शंभरात एक झाली. शांत क्षणी ती कानाला जाणवणारच. पण माइकजवळच दाब वाढवून १ व्होल्ट केला आणि मग तो तारेतून धाडला, तर तीच भेसळ पन्नास हजारांत एक होते. ती कोणाच्या ध्यानातही येणार नाही.

म्हणून पूर्वप्रवर्धक माइकजवळ, रंगमंचाच्या कडेला हवा. पण आवाज कसा लागतो हे कळते मागे, प्रेक्षकांत बसलेल्याला. म्हणजे कान एका टोकाला आणि बटण दुसऱ्या टोकाला! दूरनियंत्रणाची गरज या अडचणीतून निर्माण होते.

बटणाचा झाला आकडा

आवाजाचे बटण दुरून फिरवायचे कसे? बटणाला मोटर लावता येईल. पण त्याहून सुटसुटीत असा एक मार्ग आहे, आणि तो द्विमान पद्धतीच्या गणितातला आहे.

पूर्वप्रवर्धकात एकापुढे एक असे सहा टप्पे आहेत असे समजा. प्रत्येक टप्प्याला एक रिले, म्हणजे विजेने उघडझाप होणारी कळ, जोडलेली आहे. कळ बंद असताना तो टप्पा आवाज जसाच्या तसा पुढे सोडतो. कळ लागली की तो ठरावीक वाढ करतो. पहिला टप्पा १ डेसिबेल, दुसरा २, तिसरा ४, चौथा ८, पाचवा १६ आणि सहावा ३२ डेसिबेल. वाण्याच्या दुकानात मोजकी वजने वापरून तो हवे ते वजन करतो, तसेच हे. आपल्याला ५४ डेसिबेल हवे असतील तर ३२, १६, ४ आणि २ या चार कळा लावायच्या. मोठ्या टप्प्यापासून लिहीत गेल्यास

११०११०

असा आकडा मिळतो. द्विमान पद्धतीत ५४ असाच लिहितात! सहा कळांनी ० ते ६३ डेसिबेलपर्यंतच्या सर्व ६४ पायऱ्या मिळतात. काही यंत्रांत रिलेच्या ऐवजी अर्धवाहकाच्या कळा असतात, तर काहींत आकड्याचे रूपांतर विद्युत्‌दाबात करून त्याने प्रवर्धन कमीजास्त करतात. पण तत्त्व तेच.

यातून काय साधले ते पाहा. बटणाची जागा आता एका आकड्याने घेतली. आकडा म्हणजे शून्य आणि एक यांची रांग. वाटेत थोडी घुंघुं मिसळली तरी 'वीज आहे' आणि 'वीज नाही' यांत गफलत होत नाही. माइकचा नाजूक आवाज लांब तारेतून न्यायचा नाही. न्यायचा तो आकडा.

मिडी म्हणजे काय?

आकडा पाठवायचा तर पाठवणारा आणि घेणारा यांची भाषा एक हवी. ही भाषा संगीतवाद्यांच्या जगात तयार झाली.

१९८० च्या सुमारास विजेवर चालणारी सिंथेसायझर ही वाद्ये अनेक कंपन्या बनवत होत्या. पण एका कंपनीचे वाद्य दुसऱ्या कंपनीच्या वाद्याला जोडता येत नसे. ज्याची त्याची पद्धत निराळी. १९८१ साली अमेरिकेतील डेव्ह स्मिथ आणि चेट वुड यांनी सर्वांना चालेल अशा एका जोडणीची कल्पना निबंधाच्या रूपाने मांडली. जपानच्या रोलंड कंपनीचे संस्थापक इकुतारो काकेहाशी यांनीही अशा समान भाषेचा आग्रह धरला होता. जानेवारी १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातील वाद्यांच्या व्यापारी प्रदर्शनात दोन वेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर तारेने जोडून दाखवण्यात आले. एकाची पट्टी दाबली की दुसरेही वाजे! त्याच वर्षी ऑगस्टमध्ये या भाषेचे नियम प्रसिद्ध झाले. तिचे नाव 'म्युझिकल इन्स्ट्रुमेंट डिजिटल इंटरफेस'. या चार शब्दांच्या आद्याक्षरांवरून 'मिडी'. ती वापरण्यासाठी कोणाला शुल्क द्यावे लागत नव्हते. त्यामुळे ती झपाट्याने पसरली. पुढे २०१३ साली स्मिथ आणि काकेहाशी यांना या कामाबद्दल तांत्रिक ग्रॅमी पुरस्कार मिळाला. २०२० साली मिडीची दुसरी आवृत्ती आली, तरी १९८३ ची मूळ भाषा अजूनही वापरात आहे.

येथे एक गैरसमज दूर करू या. मिडीच्या तारेतून आवाज जात नाही. जातात ते फक्त हुकूम: 'अमुक पट्टी दाबली', 'अमुक बटण इतके फिरवा', 'अमुक क्रमांकाची जुळणी लावा'. म्हणूनच जी भाषा वाद्यांसाठी जन्मली, ती पूर्वप्रवर्धकांनाही चालली. हुकूम ऐकणाऱ्याला तारा असोत वा रिले, आकड्याला त्याचे काय?

तारेतील युक्ती

मिडीच्या जोडणीत पाच टोकांचा गोल प्लग असतो. पाठवणारे यंत्र तारेतून सुमारे ५ मिलिअँपिअर वीज सोडते किंवा थांबवते. वीज वाहिली की तो शून्य, थांबली की तो एक. ओहमच्या नियमाने ही वीज ताडून पाहता येते. मूळच्या आराखड्यात ५ व्होल्टांचा पुरवठा आणि वाटेत २२० ओहमचे तीन रोध असतात, म्हणजे ६६० ओहम. प्रकाश देणाऱ्या घटकात व इतरत्र मिळून सुमारे १.७ व्होल्ट खर्च होतात, उरले ३.३. आता ३.३ भागिले ६६० करा. उत्तर ०.००५ अँपिअर, म्हणजे ५ मिलिअँपिअर.

प्रकाश देणारा घटक येथे कशाला, असे तुम्ही विचाराल. युक्ती तेथेच आहे. घेणाऱ्या यंत्राच्या दाराशी एक चिमुकला दिवा आणि त्याच्यासमोर प्रकाशाने जागा होणारा ट्रान्झिस्टर एकाच डबीत बंद केलेले असतात. तारेतील वीज दिवा लावते, ट्रान्झिस्टर तो प्रकाश 'पाहतो' आणि आत संदेश देतो. दोन यंत्रांमध्ये हुकुमाची देवघेव होते, पण विजेचा थेट संबंध येत नाही. तसा संबंध आला असता, तर दोन्ही यंत्रांच्या जमीन-जोडण्यांतून वीज फिरू लागली असती आणि आपण टाळू पाहत होतो ती घुंघुं मागच्या दाराने आत आली असती.

तारेतून सेकंदाला ३१,२५० बिट जातात. एका बाइटमध्ये आठ बिट असतात. 'आता सुरू' हे सांगणारा एक आणि 'संपले' हे सांगणारा एक असे आणखी दोन बिट जोडायचे. झाले दहा. म्हणजे एका बाइटला ३२० मायक्रोसेकंद लागतात. तार १५ मीटरपेक्षा लांब नसावी असा नियम आहे. अंतर जास्त असेल तर वाटेत संदेश ताजा करून पुढे पाठवणारी पेटी घालतात.

हुकुमाची भाषा

मिडीत दोन प्रकारचे बाइट असतात. आठांपैकी पहिला बिट १ असेल तर तो 'हुकूम' बाइट. पहिला बिट ० असेल तर ती हुकुमाबरोबरची 'माहिती'. माहितीच्या बाइटमध्ये पहिला बिट असा खर्ची पडला, म्हणून सातच बिट उरतात आणि त्यांत ० ते १२७ एवढेच आकडे मावतात.

पूर्वप्रवर्धकाच्या कामाचे दोन मुख्य हुकूम असे:

१. कंट्रोल चेंज, म्हणजे 'एक बटण बदला'. यात तीन बाइट असतात. पहिला १७६ ते १९१ पैकी एक. दुसरा बटणाचा क्रमांक. तिसरा ते किती फिरवायचे तो आकडा.

२. प्रोग्रॅम चेंज, म्हणजे 'सगळी जुळणीच बदला'. यात दोनच बाइट असतात. पहिला १९२ ते २०७ पैकी एक. दुसरा जुळणीचा क्रमांक.

दोन्हींत पहिल्या बाइटसाठी सोळा-सोळा आकडे का? कारण एकाच तारेवर सोळा 'वाहिन्या' कल्पिल्या आहेत. एका तारेवर अनेक यंत्रे जोडली, तरी प्रत्येक यंत्र आपल्या वाहिनीचे हुकूम पाळते आणि बाकीचे सोडून देते. वर्गात बाई हजेरीचा क्रमांक पुकारतात तेव्हा ज्याचा तोच 'हजर' म्हणतो ना, तसेच.

एक उदाहरण घेऊ. तिसऱ्या वाहिनीवरील यंत्राचे ७ क्रमांकाचे बटण १०० वर न्यायचे आहे. मिडीच्या नियमांत ७ हा क्रमांक आवाजाच्या पातळीसाठी राखलेला आहे. हुकूम होईल १७८, ७, १००. द्विमान पद्धतीत:

१०११००१० ०००००१११ ०११००१००

पहिल्या बाइटचे शेवटचे चार अंक पाहा: ००१०, म्हणजे २. वाहिनी तिसरी असताना २ कसे? कारण यंत्र मोजायला शून्यापासून सुरुवात करते आणि माणूस एकापासून. माणसाची तिसरी ती यंत्राची दुसरी. हे 'एक कमी' नीट ध्यानात ठेवा. मुलीची कविता आपल्याला याच ठिकाणी शोधायची आहे.

'नेहमीचे द्या!'

आता प्रीसेट म्हणजे काय ते पाहू. चहाच्या टपरीवर नवे गिऱ्हाईक सांगते, "दोन चहा, एक बिनसाखरेचा, आले जास्त, बरोबर खारी." रोजचे गिऱ्हाईक नुसते म्हणते, "नेहमीचे द्या." दोघांना एकच वस्तू मिळते. फरक एवढाच, की दुसऱ्याची यादी टपरीवाल्याच्या डोक्यात आधीच लिहिलेली असते.

प्रीसेट म्हणजे यंत्राच्या स्मृतीत लिहून ठेवलेली 'नेहमीची' यादी. कोणत्या माइकला किती डेसिबेल, कोणाचे खालचे स्वर कापायचे, कोणाची वाट बंद ठेवायची, हे सारे तालमीच्या वेळी जुळवायचे आणि क्रमांक देऊन साठवायचे. प्रयोगाच्या वेळी फक्त क्रमांक धाडायचा.

याने वेळ किती वाचतो? समजा, आठ माइक आहेत आणि प्रत्येकाची चार बटणे. एकेक बटण बदलायचे तर ३२ हुकूम, प्रत्येकी तीन बाइट, म्हणजे ९६ बाइट. ९६ गुणिले ३२० मायक्रोसेकंद, म्हणजे सुमारे ३१ मिलिसेकंद. तेवढ्यात आवाज हवेतून सुमारे साडेदहा मीटर जातो. प्रीसेटच्या हुकुमाला मात्र दोन बाइट, ०.६४ मिलिसेकंद. तेवढ्यात आवाज जेमतेम वीतभर सरकतो! पण वेळेपेक्षा मोठा फायदा माणसाला आहे. ऐन कार्यक्रमात बत्तीस बटणे न चुकता फिरवणे कोणाला जमणार?

या सोयीचा मोठा लाभ गिटारवादकांना झाला. विजेच्या गिटारचा गोड, स्वच्छ सूर आणि कर्कश, फाटका सूर हे दोन्ही मुख्यतः पूर्वप्रवर्धकाच्या जुळणीवर अवलंबून असतात. एकाच गाण्यात दोन्ही हवे असतात आणि वादकाचे दोन्ही हात तर गुंतलेले. १९८७ साली अमेरिकेतील एडीए कंपनीने 'एमपी-१' नावाचा पूर्वप्रवर्धक बाजारात आणला. त्यात जुन्या रेडिओत असत तशा निर्वात नळ्या होत्या, आणि १२८ जुळण्या साठवण्याची सोय होती. यंत्र मागे कपाटात; वादकापुढे जमिनीवर पायाने दाबायची पट्टी. पाय पडला की प्रोग्रॅम चेंजचे दोन बाइट जात आणि सूर पालटे. १२८ च का? सात बिटांत मावतात तेवढे आकडे, ० पासून १२७ पर्यंत, मोजून पाहा.

उलगडा

आता परत आपल्या सभागृहात येऊ. रंगमंचाजवळच्या पूर्वप्रवर्धकाच्या दर्शनी पट्टीवर जुळण्यांचे क्रमांक १ पासून १२८ पर्यंत होते. दुपारी मी त्याच्यासमोर बसूनच जुळण्या साठवल्या आणि तेथल्याच बटणांनी तपासल्या. क्रमांक ४ कवितेची, माइकला ५० डेसिबेल. क्रमांक ५ ढोल-लेझीमची, माइकला २० डेसिबेल. सारे ठीक होते.

पण मागच्या टेबलावरची पेटी वेगळ्या बनावटीची होती. ती ० पासून मोजणारी होती. तिच्यावर ४ दाबले की तारेतून ४ हाच आकडा जाई. पूर्वप्रवर्धकाच्या हिशेबी ० म्हणजे पहिली जुळणी, १ म्हणजे दुसरी. म्हणून ४ म्हणजे पाचवी! मुलगी कवितेला उभी राहिली आणि माइकला मिळाली ढोलाची जुळणी. ५० च्या जागी २० डेसिबेल, म्हणजे ३० डेसिबेल कमी. दर ६ डेसिबेलला निम्मा. पाच वेळा निम्मा केला की राहिला बत्तिसावा हिस्सा. तिच्या आवाजाचा बत्तिसावा हिस्सा कर्ण्यांपर्यंत पोचत होता.

ना मिडीची चूक, ना यंत्राची. दोन्ही यंत्रांनी आपापले काम चोख केले. चूक माझी होती. ज्या पेटीवरून संध्याकाळी हुकूम सोडायचे, त्या पेटीवरून मी दुपारी एकदाही तपासणी केली नव्हती. दुसऱ्या दिवशीच्या बक्षीस समारंभात मुख्याध्यापकांनी त्या मुलीला पुन्हा कविता म्हणायला लावली. या वेळी मी ३ दाबले.

आणखी काही पथ्ये

अशा दूरनियंत्रणात इतरही काही गोष्टी सांभाळाव्या लागतात.

साधी मिडी-तार एकाच दिशेने बोलते. हुकूम पोचला की नाही, हे पाठवणाऱ्याला कळत नाही. प्लग सैल असेल तर हुकूम हवेत विरतो आणि टेबलावरच्या पेटीला त्याचा पत्ताही नसतो. म्हणून काही यंत्रे परतीची दुसरी तार घेऊन आपली सध्याची जुळणी मागे कळवतात. तशी सोय नसेल, तर महत्त्वाच्या प्रवेशाआधी हुकूम पुन्हा एकदा पाठवावा. तोच प्रीसेट दोनदा लागल्याने सहसा काही बिघडत नाही.

१२८ पायऱ्या कशा वाटायच्या, हाही विचार हवा. आकड्याच्या प्रमाणात दाब ठेवला तर १ वरून २ वर जाताना दाब दुप्पट होतो, म्हणजे ६ डेसिबेलची उडी. आणि १२६ वरून १२७ वर जाताना फक्त ०.०७ डेसिबेल. खाली धक्के बसतात, वर काही हालत नाही. म्हणून पायऱ्या डेसिबेलमध्ये सारख्या ठेवणे चांगले. ६० डेसिबेलचा पल्ला १२७ पायऱ्यांत वाटला तर दर पायरी अर्ध्या डेसिबेलपेक्षा थोडी कमी येते.

जुळणी बदलताना आवाज चालू असेल तर 'टक्' असा खटका ऐकू येतो. तो टाळण्यासाठी बदल होईपर्यंत क्षणभर आवाजाची वाट बंद ठेवतात, किंवा ध्वनिलहर शून्यावरून जात असते तो क्षण साधून कळ फिरवतात. काही माइकांना पूर्वप्रवर्धकाकडून ४८ व्होल्टांचा पुरवठा करावा लागतो. तो चालू-बंद करताना तर कर्णे आधी बंद केलेच पाहिजेत. नाहीतर मोठा धमाका होतो.

आणि शेवटचे पथ्य: कोणता क्रमांक कशासाठी, याचा तक्ता यंत्राच्या माहितीपुस्तिकेत असतो. तो कार्यक्रमाआधी वाचावा, नंतर नव्हे.

वर्गात करून पाहा

या प्रयोगाला वीज लागत नाही. सहा विद्यार्थी ओळीने उभे करा. प्रत्येकाच्या हाती एक पुठ्ठा: ३२, १६, ८, ४, २, १. हे झाले रिले. सातवा विद्यार्थी 'स्मृती'. त्याच्या वहीत आठ ओळी, १ पासून ८ पर्यंत क्रमांक घातलेल्या. प्रत्येक ओळीत ० ते ६३ मधला एक आकडा. आठवा विद्यार्थी दाराबाहेर, तो पाठवणारा. त्याने ० ते ७ मधला एक आकडा तीन अंकी द्विमान पद्धतीत कळवायचा. टाळी म्हणजे १, टेबलावर थाप म्हणजे ०. स्मृतीने तो ऐकून ओळ शोधायची, तिच्यातील आकडा रिलेंना सांगायचा, आणि ज्यांची कळ लागेल त्यांनी पुठ्ठे उंच धरायचे. बाकीच्या वर्गाने बेरीज करून डेसिबेल सांगायचे.

पहिल्यांदा खेळताना ० म्हणजे कोणती ओळ, हे मुद्दाम ठरवू नका. काय गोंधळ होतो तो पाहा. मग ठरवा आणि पुन्हा खेळा. दोन यंत्रांनी एकमेकांशी थोडक्यात बोलायचे असेल, तर आधी किती गोष्टी ठरवाव्या लागतात, हे या खेळातून कळेल.

सोडवून पाहा

१. दाब २०० पट वाढवायचा आहे. किती डेसिबेल?

२. तेवढ्यासाठी सहापैकी कोणत्या कळा लावाल?

३. एका यंत्रावर जुळण्या १ पासून मोजल्या आहेत. त्याची दहावी जुळणी पहिल्या वाहिनीवरून लावायची आहे. कोणते दोन बाइट पाठवाल?

४. कंट्रोल चेंजचे ४० हुकूम पाठवायला किती वेळ लागेल?

उत्तरे: (१) ४६ डेसिबेल. (२) ३२, ८, ४ आणि २, म्हणजे १०१११०. (३) १९२, ९. (४) ३८.४ मिलिसेकंद.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर तुम्ही १९२, १० असे काढले असेल, तर वाईट वाटून घेऊ नका. मीही एकदा तसेच केले होते.